पालखी अजून सपाटीवर आहे

वेल्ह्याच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझ्या सॅकमध्ये ढोलाचं टिपरू खुपसलं. मी निघालो होतो बेंगळुरूच्या संगीत शाळेत, ड्रमसेट शिकायला. तिथं या टिपराचं काय करू, असं विचारणार होतो, पण ते आधीच बोलले, "हात थंड पडू दिऊ नगंस." आई गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी होती.

आमच्या पासली गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं सामान बांधून गेलेल्यांनो, जत्रेतला ढोल तुम्हाला काय सांगायचा? पालखी सपाटीवर असेतोवर ठेका संथ. देवळाच्या पायऱ्या लागल्या की लय वाढवत न्यायची, कारण खांदेकरी त्या लयीवर चढतात. अण्णांनी हे मला कधी शिकवलं नाही. त्यांच्या बाजूला वाजवून वाजवून ते हातात बसलं.

इथं शाळेत मात्र लय धरण्यासाठी हेडफोनमध्ये क्लिक वाजते. गाणं कितीही रंगात येवो, तिची टिकटिक तसूभर हलत नाही. गाण्याचा शेवट जवळ आला की माझे हात पायऱ्या चढायला लागायचे. सर मला थांबवून स्क्रीनवर दाखवायचे, हे बघ, इथं क्लिकच्या पुढं सुटलास. मला ते दिसायचं आणि पुढच्या खेपेला मी पुन्हा तिथंच सुटायचो. परीक्षेतही तेच झालं. एक संधी आणखी देतो, त्यात सुटलास तर पुढच्या सेमिस्टरला जागा नाही, असं सरांनी सांगितलं.

नेमकी त्या दुसऱ्या परीक्षेच्या तोंडावर जत्रा आली. जावं तर महत्प्रयासाने आवरलेले हात पुन्हा बिघडणार, न जावं तर अण्णांच्या शेजारची जागा रिकामी. आईचा तीनदा फोन आला आणि मी गेलो. पण जाताना एक शहाणपणा केला. फेट्याखाली एका कानात इअरबड घातला आणि मोबाईलवर क्लिक लावून ढोल बांधला.

सपाटीवर सगळं छान चाललं. दिवस कलायला पालखी पायऱ्यांशी आली. मी क्लिक सोडली नाही. अण्णा पुढं जायला बघत होते, मी मागं ओढत होतो, झांजवाले दोघांच्या मधे गोंधळले. पालखी तिसऱ्या-चौथ्या पायरीवर अडली. पुढच्या दांडीला माझे चुलते, तात्या, होते. त्यांच्या पोटऱ्या थरथरताना मला दिसत होत्या. पालखी मागं कलली आणि बायकांचा गलका एकदम थांबला. अण्णा माझ्या अगदी जवळ आले. आवाज न चढवता म्हणाले, "वाढीव रं. माणसं वजन घिऊन हुबी हाईत."

मी इअरबड उपटून फेकला. पुढं हातांनीच काय ते केलं. पालखी वर गेली. जेवताना तात्या डाव्या हातानं खांदा चोळत होते.

परीक्षेच्या दिवशी हेडफोन चढवला. गाणं शेवटाकडे आलं, हात ओढ घ्यायला लागले. मला तात्यांचा खांदा आठवला. पालखी अजून सपाटीवर आहे, मी स्वतःला बजावत राहिलो, पायऱ्या यायच्यात, आत्ताच कुणाला पळवू नको. क्लिक शेवटपर्यंत हातात राहिली. सरांनी मान डोलावली.

पूर्वी घर म्हटलं की मला आईच्या हातचा भात आठवायचा. तो आजही आठवतो. पण आता घर म्हणजे ती जागा, जिथं माझ्या हातांच्या भरवशावर कुणीतरी वजन घेऊन उभं असतं. इथं शाळेत चुकलो तर फक्त मीच चुकतो.

यंदा शाळेचा वार्षिक कार्यक्रम जत्रेच्याच दिवशी आहे. मी ड्रमवर आहे. अण्णांना फोनवर हे सांगितलं.

"ये म्हणत न्हाई," ते म्हणाले. "पर तुजा ढोल दुसऱ्या कुणाला बांदू देत न्हाई."

टिपरू माझ्या टेबलावर आहे. गावाकडचं तिकीट अजून काढलेलं नाही.