तांबड्या पाण्याचा रेडिएटर

त्या काकींचं नाव मी विचारलंच नाही. कॉम्प्युटर पाण्यावर थंड ठेवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं आणि नवं सामान परवडत नव्हतं, म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरचा जुना रेडिएटर बघायला पेठ वडगावला गेलो होतो. काकी घरीच लग्नाचे व्हिडिओ एडिट करायच्या. मी पोचलो तेव्हा म्हशीची धार काढून, पदर खोचूनच बाहेर आल्या.

रेडिएटरच्या प्लास्टिकच्या नळ्या आतून गुलाबी पडल्या होत्या. माझा चेहरा उतरला. रंगीत कूलंटचा गाळ आत बसला असला तर पाणी अडणार आणि माझा महागडा प्रोसेसर तापून जाणार.

"तांबडं पाणी घालायची हौस नडली बघा," काकी म्हणाल्या. "पर पावणं, डाग म्हंजे घाण न्हवं. थांबा, तुमच्या म्होरंच धुवूया."

त्यांनी गरम पाणी भरून रेडिएटर दुधाच्या किटलीसारखा गदागदा हलवला आणि पांढऱ्या बादलीत ओतला. पाणी गुलाबी आलं. मी ते कढीपत्त्याच्या आळ्यात टाकायला निघालो, तशा त्या ओरडल्या, "झाडाला नगं! मरंल की त्ये!"

ती बादली त्यांनी स्वतः लांब गटारात रिकामी केली. मग पुन्हा गरम पाणी, पुन्हा हलवणं. दरवेळी बादलीत वाकून बघायच्या आणि नकारार्थी मान हलवायच्या. शेवटी गार पाणी घालून हलवलं, तेव्हा ते नितळ आलं. तरी मी आपला बादलीचा तळ निरखतोय.

काकींनी माझ्याकडं एकदा पाहिलं, बादली उचलली आणि सगळं पाणी कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं.

मी हसत रेडिएटर पिशवीत घातला.