सुलतानच्या तबेल्याची कडी

घोडेवाल्यांच्या घरात किस्से लिदीसारखे साचतात. सकाळी उचलले तरी संध्याकाळी पुन्हा तेवढेच. आमच्याकडच्या बहुतेक किश्शांचा बाप एकच, सुलतान. मुंबईच्या रेसकोर्सवर गाजलेला हा घोडा म्हातारपणी अंबरनाथला माझ्या काकांकडे आला. आज इथे वरातीतली प्रत्येक घोडी त्याची लेक नाहीतर नात असते! मी हरियाणात जनावरांची डॉक्टर होऊन परतले ती ठरवूनच, की सुलतानची खरी वंशावळ वहीत लिहायची. थापा बंद.

खरं सांगू? माझ्या पोटात दुखत होतं. बाबा आणि काका जमिनीवरून भांडले तेव्हापासून आमची घोडी मैना दारावरून गेली, की काका तबेल्याला कडी लावायचे. सगळ्यांकडे सुलतानचं रक्त, आमच्याकडे फक्त मैनेची लेक, चिमणी. बाप माहीत नाही. माझ्याच वहीत तिला जागा नव्हती.

*

कात्रपला एका घोडेवाल्याने खेचर पुढे केलं. "लिहा, सुलतानचा नातू."

"मग याचा बाप कोण?"

"डॉक्टर, घरातल्या गोष्टी काढू नका."

*

कॅम्प एकच्या सिंधी वस्तीत लग्न होतं. काकांचा मुलगा विलासदादा त्याच्या राणी घोडीला घेऊन आला होता, मी चिमणीला. नवऱ्याच्या मामांनी विचारलं, "ये सुलतान की पोती है क्या?"

"बेटी है, साईं," दादा म्हणाला.

"और ये?"

"ये चिमणी है," मी म्हणाले.

नवरा राणीवर बसला. चिमणीच्या पाठीवर मामांनी कोट ठेवला.

*

बदलापूरजवळ एक वरात टेकडीवरच्या देवळात न्यायची होती. चिमणी चढावर अडून बसली. राणी सामानासकट तुरुतुरु वर पोचली. दादा वरून ओरडला, "रक्त बोलतं गं, डॉक्टरीणबाई!"

येताना सपाटीवर चिमणी अशी सुटली, की मला लगाम आवरेना. ते कुणी पाहिलं नाही.

*

शेवटी मी केसांची डीएनए तपासणीच काढली. काकांनी सुलतानच्या शेपटीचा झुपका देव्हाऱ्याशेजारी जपलाय. त्यातले मुळासकट चार केस त्यांनी अभिमानाने दिले. दहा घोडेवाल्यांनी आपापल्या जनावरांचे दिले. दादाने नाही. "राणीला कसली परीक्षा? तिचं तोंड बघ." तुलनेला बाहेरचं एखादं जनावर हवं, म्हणून मी चिमणीचे घातले.

दहांतली तीन सुलतानची निघाली. आणि चिमणी. थेट लेक!

कागद घेऊन मी धावत काकूकडे गेले. ती तांदूळ निवडत होती.

"काकू, चिमणी सुलतानची आहे."

"असेल."

"कशी असेल? काका कडी लावायचे ना?"

"ते लावायचे. चारा घालायला मी काढायचे." तिने एक खडा बाजूला टाकला. "तुझी आई मैनेला घेऊन उन्हात उभी राहायची. बरं दिसतं का ते?"

मी नाचायचीच बाकी होते. "आता राणीचेही केस मागतेच दादाकडे."

"नको."

"का गं?"

"राणीच्या वेळेला तिची आई उन्हाळाभर माझ्या माहेरी होती चरायला, बारवीकडे." काकूने सूप पाखडलं. "विलासला बोलू नकोस. माझ्या भावाचं तट्टू होतं तिकडे. लई गुणी होतं."