तक्त्यातला लाल आकडा

या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचत आलोय, हे आधीच सांगतो. चिंचेखालची बाई, बंद घरातला आवाज... वाचायचं, चहा संपवायचा, कामाला लागायचं. वयाची बावन्न वर्षं अशीच गेली. माझा धंदाच असा, की स्क्रीनवर जे जे दिसतं त्यामागे कुठेतरी एक ओळ लिहिलेली असते. ती सापडली की विषय संपला. यावेळी ती सापडलेली नाही. आणि दुसरी एक ओळ, जी मीच लिहिली होती, ती मी तीन वर्षं लपवली. दोन्ही सांगून टाकतो.

मी रत्नागिरीत मांडवीला राहतो. घरातल्याच एका खोलीत बसून दुकानांना, दवाखान्यांना लागणारी डेस्कटॉप सॉफ्टवेअर करतो. एका पॅथॉलॉजी लॅबचं काम माझ्याकडे होतं. लॅब डॉक्टरांची, पण चालवायच्या शैलाताई (नाव बदललंय). साठीच्या आसपासच्या. रिपोर्ट तपासताना पेन्सिलीने एकेका आकड्यावर टिंब देत जायच्या. मी सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा म्हटलं, "ताई, ही टिंबं आता बंद. आकडा हद्दीबाहेर गेला की तक्त्यात आपोआप लाल होईल. लाल दिसला की पेशंटच्या डॉक्टरांना फोन, नाहीतर पुढचा रिपोर्ट."

"आणि तुमचं हे चुकलं तर?"

"माणूस चुकेल ताई. हे नाही चुकायचं."

"बघा हां," म्हणाल्या. काही दिवस पेन्सिल हातात राहिली. मग सुटली.

पुढे डॉक्टरांना स्क्रीन जुनाट वाटायला लागला. म्हणून मी नवी स्टाईलशीट लिहिली. स्टाईलशीट म्हणजे साधी मजकुराची फाईल. बटण कुठल्या रंगाचं, अक्षर केवढं, हे सगळं तिच्यात लिहायचं. त्यात मी एक ओळ टाकली – तक्त्यातली सगळी अक्षरं गडद राखाडी. छान दिसत होतं. पण खिडक्या, बटणं, तक्ते बनवायला आम्ही जे तयार टूलकिट वापरतो, त्यात प्रोग्रामने एखाद्या आकड्याला लाल केलं आणि स्टाईलशीटने राखाडी, तर चालतं ते स्टाईलशीटचं. एरर येत नाही, काही नाही. लाल निमूटपणे नाहीसा होतो. मला हे माहीत होतं. नवशिक्या असतो तर गोष्ट वेगळी. मी बटणं बघितली, चौकटी बघितल्या. लाल तपासला नाही.

चौथ्या दिवशी लांज्याकडच्या एका निवृत्त गुरुजींचा रिपोर्ट निघाला. पोटॅशियम भलतंच वाढलेलं, हृदय बंद पडेल इतकं. फोन गेला नाही. रिपोर्टचं पाकीट घरी टेबलावर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी गेले.

डॉक्टरांनी मला बोलावलं. "तो आकडा लाल झाला होता की नाही, एवढंच सांगा." ते आणि ताई आतल्या खोलीत होते. मी लॅबच्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट उघडला. आकडा राखाडी. काय झालंय ते बघताक्षणी कळलं. मी ती ओळ पुसली, प्रोग्राम परत सुरू केला, आकडा लाल झाल्याची खात्री केली आणि मग दोघांना हाक मारली.

"हा बघा. लाल आहे."

"आहे की लाल," म्हणत डॉक्टरांनी ताईंकडे बघितलं. ताई स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "मग मलाच दिसला नसेल."

महिनाअखेरीला त्यांनी काम सोडलं. डॉक्टर गुरुजींच्या घरी जाऊन आले, नजरचूक झाली म्हणाले, आणि ती कुणाची तेही सांगितलं. मी गप्प.

यानंतर दोनेक महिन्यांनी सुरू झालं. एका काजू कारखान्याचं सॉफ्टवेअर करत होतो. माल संपत आला की लेबल लाल व्हायला हवं. स्टाईलशीटमध्ये तसं लिहिलं, तरी लेबल राखाडीच. सकाळभर त्याच्याशी झटलो. बायको चहा घेऊन आली.

"एवढं काय टक लावून बघताय?"

"हे लेबल लाल होत नाहीये."

"लालच तर आहे."

"चेष्टा नको गं."

"मी कशाला चेष्टा करू? कुंकवासारखं लाल आहे. उद्या जास्वंदीला पांढरी म्हणाल."

जास्वंद मला लाल दिसते. टोमॅटो दिसतो, सिग्नल दिसतो. रंग मोजायचं छोटं टूल असतं, ते लेबलवर ठेवलं तर आकडे लालाचेच येतात. तोच रंग ब्राउझरमध्ये उघडला की चक्क लाल दिसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं, मी सगळं घडाघडा वाचलं. फक्त या टूलकिटच्या खिडकीत, स्टाईलशीटने दिलेला लाल तेवढा मला राखाडी दिसतो. आणि तो राखाडी मी ओळखतो. मीच निवडला होता. कॉम्प्युटर बदलला, स्क्रीन बदलला... तेव्हापासून माझे रंग बायको तपासते.

मी स्वतःला समजावलं, की मन खातंय, दुसरं काही नाही. तेवढ्यावर भागलं असतं. पण यंदा बायको मासळीबाजारातून आली ती सांगतच – "शैलाताई भेटल्या. सुनेचा हात धरून चालत होत्या. डोळे गेले म्हणतात. शिवण बंद, वाचन बंद. दाखवायलाही जात नाहीत. म्हणे, माझं मला ठाऊक आहे."

रविवारी सकाळी कुवारबावला त्यांच्या घरी गेलो. ओटीवर बसल्या होत्या, हात रिकामे.

"काय हो, आज वाट चुकलात की काय?"

बसलो आणि सांगितलं. ओळ लिहिली ते, पुसली ते, सगळं.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात लाल आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरही म्हणाले. मला मात्र काळाच दिसत होता. चष्मा पुसला, तरी काळा. म्हटलं संपलं... या डोळ्यांनी आता कुणाचं रक्त बघायचं नाही."

"ताई, तोपर्यंत मी ओळ पुसली होती. तो खरंच लाल होता."

"मला नाही दिसला."

"बाकी लाल दिसतं?"

"दिसतं की. सुनेची साडी दिसते. पण दिसतंय ते खरं कशावरून?"

मग त्यांनीच विचारलं, "गुरुजींच्या बायकोला सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग आधी इकडे कशाला आलात? तिने तीन वर्षं माझं नाव घेतलं असेल." मग सुनेला हाक मारली, "अगो, बाहेर ये. आणि तुम्ही, हिलाही सांगा. पहिल्यापासून."

सांगितलं. सोमवारी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझं काम काढून घेतलं, बरोबरच केलं. शनिवारी ताईंना घेऊन लांज्याकडे गेलो. गुरुजींच्या पत्नीने उभ्यानेच ऐकून घेतलं. ताईंना खुर्ची दिली, आतून पाणी आणून दिलं. मला नाही.

माझा राखाडी मनाचा खेळ म्हणता येईल. पण ताईंनी काय केलं होतं? त्यांना काळा का दिसावा? मी रीतसर विचार करणारा माणूस आहे आणि मला याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. आपल्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

परत येताना गाडी थांबवून मी लॅपटॉप उघडला, एक तक्ता काढला, एक आकडा हद्दीबाहेर टाकला आणि स्क्रीन ताईंकडे वळवला. त्या आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग स्क्रीनकडे.

"लाल आहे," म्हणाल्या.

मला राखाडीच दिसत होता. त्यांच्या शब्दावर मी लॅपटॉप मिटला.