मागच्या पानावरचं विमान

साळवेकाका बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे. चिकलठाण्याला उतरणारं विमान मुकुंदवाडीवरून खाली येऊ लागलं की त्यांचा हात वर. तोंडात घास असो, नाहीतर दूधवाल्याशी भांडण रंगात आलेलं असो, विमान झाडांआड जाईपर्यंत साहेब गच्चीच्या कठड्याशी खिळलेले. मग "उतरलं" म्हणायचे आणि दूधवाल्याला राहिलेलं अर्धं वाक्य ऐकवायचे.

ते हवाई दलात रडारवर होते. निवृत्तीनंतर आमच्या शेजारी राहायला आले. मी कॉलेजात कायदा शिकवतो, म्हणून मला "वकीलसाहेब" म्हणायचे. मी कोर्टाची पायरी कधीच चढलेलो नाही, हे सांगून सांगून थकलो. गल्लीनं त्यांच्या नावावर शत्रूची चार-पाच विमानं परस्पर पाडून ठेवली होती. तो विषय निघाला की काका उठून झाडांना पाणी घालायला जात. आम्हाला वाटे, केवढा हा विनय!

एकदा परदेशात कुठल्याशा सैन्यानं प्रवासी विमान पाडल्याची बातमी आली. मी तावातावानं म्हणालो, "उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय कायदाच आहे, काका. सरळसरळ गुन्हा आहे हा!"

"कायदा लई चांगला हाय, वकीलसाहेब. पण पडद्यावर नुसता ठिपका दिसतो. आत लेकरं हायत का बाँब, ते ठिपका सांगत नाय."

"म्हणजे माफ करायचं?"

"माफ कशाला? चुकून मारलं म्हणून मेलेली माणसं उठून बसत्यात व्हय?"

धड इकडे नाही, धड तिकडे नाही. मला त्यांचा रागच आला. चहा अर्धा टाकून मी घरी आलो.

पुढं त्यांची नात प्रज्ञा हवाई दलात अधिकारी म्हणून निवडली गेली, तीही रडारच्याच कामावर. विहारात तिचा सत्कार ठरला. आदल्या दिवशी काका माझ्याकडे आले. "उद्या एक गोष्ट सांगावी म्हणतो. पोरीच्या मनातून उतरीन बहुतेक. पण न सांगता तिला तिथं कशी धाडू?" गोष्ट कोणती हे न विचारताच मी शहाणपणा केला, "कशाला काका, आनंदाचा दिवस आहे." त्याची मला आजही लाज वाटते.

काकांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी "जयभीम" म्हणून उभे राहिले आणि थेट सुरुवातच केली. "सरहद्दीजवळचं ठाणं, दिवस तणावाचे. पडद्यावर अनोळखी विमान आलं, रेडिओला जवाब नाय. माझ्याकडं प्रवासी विमानांची यादी होती. त्या टायमाला एक बी विमान नव्हतं. मी छातीठोक बोललो, दुश्मन हाय. सायबानं यादी घेतली आन् पान उलटलं. मागच्या पानावर होतं ते. उशिरा सुटलेलं प्रवासी विमान. माझं ते पान बघायचं राहिलं होतं."

कुणीतरी म्हणालं, "पण काका, वाचलं ना शेवटी!"

"सायबामुळं. माझ्यावर असतं तर पडलं असतं."

एवढं बोलून ते सतरंजीवर बसले. मान वर करेनात.

काका आता नाहीत. वर्गात तो कायदा शिकवायची वेळ आली की मी ही गोष्ट सांगतो, आणि मुलं दरवेळी विचारतात, नातीनं काय केलं? ती गळ्यात हार तसाच ठेवून त्यांच्याजवळ जाऊन बसली. त्यांचा हात हातात घेऊन तिनं विचारलं, "आजोबा, त्या विमानातल्या लोकांना कळलं का हो कधी?"

"नाय गं. त्यांना कसं कळणार? बॅगा घेतल्या असतील, रिक्षावाल्याशी हुज्जत घातली असंल, घरी जाऊन जेवले असतील." काका रडत होते आणि हसतही होते. "जेवू दे की."