सिनेमात सांडलेली ताडी

सिनेमा मी आधीच पाहिला होता. नवऱ्याच्या लॅपटॉपवर, स्वयंपाकघरात, ओट्याशी उभ्या उभ्या. डहाणूच्या सभागृहात तो दाखवायला अजून आठवडा होता आणि तो आठवडाभर माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: हे बाबांना दाखवायचं की नाही. नवऱ्याने तर मला न विचारता गंजाडला फोन करून माझ्या वडिलांना आमंत्रण देऊनही टाकलं होतं. पहिली रांग, माझ्या सासूबाईंच्या शेजारची खुर्ची. केवढा तो मान.

मी वारली, गंजाडच्या एका पाड्यावरची. तलासरीला शाळेत शिकवते. नवरा डहाणूच्या किनाऱ्याकडचा, चिकूच्या वाडीतला. बाबा उमेदीत असल्याच वाड्यांमध्ये चिकू तोडायला जायचे, म्हणजे आमच्या लग्नात मजूर आणि मालक एका मांडवात यायचे होते. आले नाहीत, कारण मांडवच घातला नाही. सह्या केल्या आणि मोकळे झालो.

त्यानंतर बाबा पहिल्यांदा आमच्या घरी आले ते ताडी घेऊन. आमच्यात व्याह्याकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. पहाटे स्वतः झाडावर चढून उतरवलेली ताजी, गोड ताडी, वाळवलेल्या दुधी भोपळ्यात भरलेली, तोंडाला पानांचा बोळा. टमटममध्ये तो दुधी मांडीवर धरून आले. स्वतः बाबा सणासुदीला घोटभर घेतील तर घेतील. सासूबाईंनी त्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं, हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. पण दुधी जमिनीवर ठेवला होता तसाच राहिला. चहा झाला, चिकूच्या भावाच्या गप्पा झाल्या, आणि सगळे त्या दुध्याला वळसा घालून ये-जा करत राहिले. बाबा निघाले. ते फाटकापर्यंत पोचतात न पोचतात तोच सासूबाईंनी दुधी उचलला, मागच्या दाराने गेल्या आणि सगळी ताडी चिकूच्या बुंध्यात ओतली. फाटकाची कडी लावायला बाबा वळले होते. त्यांनी पाहिलं.

यावर ते कधी काही बोलले नाहीत. एकदा फक्त माझ्याकडे निरोप दिला, रिकामा दुधी तेवढा आण, चांगला होता. सासूबाई म्हणाल्या, फुटला. विषय संपला. पुढे मला मुलगी झाली. बाबा नातीला बघायला येत राहिले, पण पडवीतच बसायचे. सासूबाईंना ते 'बाई' म्हणायचे, वाडीवरचे मजूर म्हणतात तसं. सासूबाई त्यांना काहीच म्हणायच्या नाहीत. मला सांगायच्या, तुझे वडील आलेत, चहा घेणार का विचार. वडील समोर बसलेले असायचे.

या सगळ्यावर माझ्या नवऱ्याने नाटक लिहिलं. तो आणि त्याचे मित्र हौसेने नाटकं करतात. मला विचारून लिहिलं आणि चांगलं लिहिलं, उगाच नावं ठेवणार नाही. एकच खोली. मधोमध दुधी. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत तो तिथेच, आणि त्याच्या भोवतीने सासू, मुलगा, सून भांडतात. नाटकात कुणाची सुटका नसते. रागावून कुणी विंगेत गेलं तरी त्याला परत त्याच खोलीत यावं लागतं. आणि कुणाकडे बघायचं हे आपलं आपण ठरवतो. मी सगळा वेळ कडेला बसलेल्या सुनेच्या बापाच्या पाठीकडे बघत होते. शेवटी सासू दुधी उचलते आणि मागच्या दारात ओतते. सभागृहात नुसता ओतल्याचा आवाज.

सासूबाई ते बघून घरी आल्या आणि मुलाला एवढंच म्हणाल्या, "आईची अब्रू वेशीवर टांगलीस." मग अबोला. दोन्ही वेळ ताट वाढायच्या, शब्द नाही. नवरा पार कोमेजला. आईच्या अबोल्यापुढे तो लहानपणापासून असाच आहे, मोठा नाटककार झाला म्हणून काय झालं.

मुंबईच्या एका दिग्दर्शकाला नाटक आवडलं. सिनेमा करायचं ठरलं, आणि आमच्या घरात रोज जेवणानंतर सिनेमाची शाळा भरायला लागली. काळ्या-गोऱ्यांच्या प्रश्नावरचे, मुळात नाटक असलेले परदेशी सिनेमे. नवरा पटकथा शिकत होता, मी वह्या तपासता तपासता बघत होते. माझ्या लक्षात आलं की त्यातले चांगले जे आहेत ते घर सोडत नाहीत. गोऱ्यांचं जग बाहेर असतं, दिसत नाही, पण बाप घरी येऊन लेकरावर ओरडतो तेव्हा ते सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडतं. दिवसभर दुसऱ्याचं ऐकून घेतलेला माणूस घरी येऊन आपल्याच माणसांवर काढतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाकीचे सिनेमे भांडण ऐन रंगात आलं की त्याला फिरायला नेतात. रस्ता, गाणं, सूर्यास्त. आणि कॅमेरा ज्याच्या तोंडाजवळ जाऊन थांबतो, दुःख त्याचंच मोठं वाटायला लागतं. हे मी नवऱ्याला म्हटलंही होतं. त्याने मान डोलावली होती.

आमचा सिनेमा फिरायलाच गेला. समुद्र झाला, वाडी झाली. पाडा म्हणून तलासरीकडचा एक उतार घेतला आणि तिथल्या बायकांना दिवसभर उन्हात नाचवलं. त्या बायका माझ्याच शाळेतल्या पोरांच्या आया. घर मात्र आमचंच घेतलं, तीच बैठकीची खोली. आणि त्या खोलीत मुलीचा बाप येतो तो आधीच झोकून आलेला. झुलतो, वेडंवाकडं नाचतो, कोच पुसतो आपल्या टॉवेलने, आणि धडपडतो. दुधी गडगडत जातो, ताडी फरशीभर. मग सासू पुढे होते, त्याला हाताला धरून उठवते, तिच्या डोळ्यांत पाणी. कॅमेरा तिच्या तोंडाजवळ. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवरा आधी म्हणाला, दिग्दर्शकाला तिथे थोडं हलकं काहीतरी हवं होतं, लोक फार वेळ ताण सहन करत नाहीत. मी म्हटलं, आमच्या लोकांनी किती वेळ सहन केला ते विचार त्याला. मग म्हणाला, ते तुझे बाबा नाहीत, ते पात्र आहे. मी विचारलं, पात्राच्या हातातला दुधी कुणाचा? शेवटी वैतागून खरं बोलला, आईला परत तेच बघायला लावू का मी.

"म्हणजे तुझ्या आईला वाचवायला माझ्या बापाला पाडलंस," मी म्हटलं.

तो लॅपटॉप मिटून बाहेर गेला. सिनेमातल्यासारखाच, भांडण रंगात आल्यावर.

रविवारी मी गंजाडला गेले. बाबांनी पांढरा सदरा धुऊन दोरीवर टाकला होता, सिनेमाला घालायचा म्हणून. पण सांगितलं सगळं, काही राखून ठेवलं नाही. त्यात तुम्हाला दारुडा दाखवलाय, म्हटलं. लोक हसतील. येऊ नका. बाबा कोयत्याला धार लावत होते. त्यांनी आमच्या बोलीत एकच गोष्ट विचारली, ताडी कोण ओततं? मी म्हटलं, कुणीच नाही, तुम्ही पडता आणि सांडते. त्यांनी कोयता उन्हात धरून धार बघितली आणि म्हणाले, मग येतो. मी चिडले, रडले, हट्टीपणा कुणाकडून आलाय माझ्यात ते तरी कळलं. हसणारच आहेत तर कोण हसतं ते बघू दे, एवढंच त्यांचं उत्तर.

खेळ दुपारचा होता. सभागृह तेच, जिथे नाटक झालं होतं. मी मुद्दाम दुसऱ्या रांगेत बसले, त्या दोघांच्या मागे. बाबांचा पांढरा सदरा, सासूबाईंचा अंबाडा, मध्ये खुर्चीचा एक हात, त्यावर दोघांपैकी कुणाचंच कोपर नाही. नवरा कडेला उभा, नखं खात. पडद्यावर समुद्र आला, लोकांनी आपला किनारा ओळखला आणि टाळ्या दिल्या. माझं लक्ष पडद्यावर नव्हतंच. आता येईल, आता येईल म्हणून मी बाबांच्या पाठीकडेच बघत होते.

आला प्रसंग. बाप झुलत आत शिरला आणि हशा पिकला. टॉवेलने कोच पुसला तेव्हा तर लोक खिदळायला लागले. ओळखीचे लोक, ज्यांच्याकडे आम्ही हळदीकुंकवाला जातो ते. बाप पडला. दुधी गडगडत थेट कॅमेऱ्याशी येऊन थांबला, सगळा पडदा भरून दुधीच. बाबा एकदम पुढे झुकले. मला वाटलं उठून जातायत. मी त्यांच्या खांद्याला हात लावणार, एवढ्यात ते परत मागे टेकून बसले. पडद्यावरच्या सासूने पडद्यावरच्या व्याह्याला उठवलं तेव्हा शेजारच्या बायकांनी माझ्या सासूबाईंकडे कौतुकाने बघितलं. सासूबाई रुमाल मुठीत आवळून बसल्या होत्या. संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

खेळ संपल्यावर सगळे आमच्या घरी आले. दिग्दर्शक, नाटकवाले मित्र, शेजारी. वाडीत ऊन उतरलं होतं. बाबा पडवीत बसतील असं मला वाटलं, पण ते सरळ बैठकीच्या खोलीत शिरले आणि उभे राहिले. लोक जरा बाजूला झाले. कुणीतरी हसू दाबलं, ते मी ऐकलं. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि आज पहिल्यांदा स्वतः त्यांच्यासमोर धरला. बाबांनी कप उचलला नाही.

बाजारात बोलतात त्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "विहीणबाई, चहा नको. माझा दुधी द्या."

इतक्या वर्षांत 'विहीणबाई' हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नव्हता. नवरा मध्ये पडला, बाबा, तो तर केव्हाच फुटला ना. बाबा म्हणाले, फुटला नाही, मघाशी बघितला. मानेजवळ माझी खूण आहे, तापल्या सळईने डागलेली. प्रत्येकाची वेगळी असते, दुधी दुसऱ्याच्या झाडावर जाऊ नये म्हणून. तेव्हा मला कळलं ते पुढे का झुकले होते. मी तोच सिनेमा पाहिला होता आणि मला फक्त पडलेला माणूस दिसला होता.

दिग्दर्शक बिचारा उत्साहाने म्हणाला, हो हो, तो इथेच सापडला आम्हाला, मागच्या पडवीत, चिकू तोडायच्या जाळ्यांमागे टांगलेला. इतका अस्सल दुसरीकडे कुठे मिळणार.

सासूबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि मागे गेल्या. परत येतीलच याचीही मला खात्री नव्हती. आल्या, दोन्ही हातांत दुधी धरून, धूळ पदराने पुसत. बाबांच्या हातात दिला. मग आपल्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "यांनी सांडली नव्हती. मी ओतली. नाटकातलं खरं होतं."

नवऱ्याने मान खाली घातली. शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. नंतर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाल्या की तेव्हा दुधीही फेकायला निघालेल्या, फेकवला नाही. का ते त्यांनाही सांगता येईना.

बाबांनी दुधी कानाशी धरून वाजवून बघितला. पायऱ्या उतरले. सासूबाई त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेल्या, हेही पहिल्यांदाच, आणि हळू आवाजात विचारलं, हंगामात परत आणाल का भरून.

बाबांनी कडी काढली, बाहेर गेले आणि वळले. "आता मी आणणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही घरी या. तिथे देईन."

कडी सासूबाईंनी स्वतः लावली. त्यानंतर ताडीचा एक हंगाम येऊन गेला, दुसरा सुरू झालाय. माझं माहेर त्यांनी अजून पाहिलेलं नाही.