ध्वनी समिती आणि एक पाळणा

आमच्या जयपूरच्या मराठी मंडळात किस्से घडत नाहीत, साचतात. गच्चीवरच्या मोडक्या खुर्च्यांसारखे. टाकून द्यायचं कुणाला सुचत नाही आणि दरवर्षी दोन-चार नव्या येऊन पडतात. मित्रांमध्ये बसलो की कुणीतरी विचारतंच, "नच्या, तुझ्या काकालोकांचं काय नवीन?"

मी सांगतो, नवीन काही नाही, राग जुनाच आहे. पण यंदा त्यांनी जे केलं ते हसण्यावारी नेताना माझीही दातखीळ बसते. तरी ऐका.

आधी सुषमाकाकू. मंडळात कुठलाही कार्यक्रम असो, गणपती असो की कुणाचं बारसं, गाणार त्याच. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्याला गाठ निघाली. थायरॉइडचं ऑपरेशन ठरलं, गुरुवारी. डॉक्टरांनी सांगून टाकलं, आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री देत नाही. आणि तिकडे नाशिकला त्यांची मुलगी ऋचा सातव्या महिन्यात. काकूंना एवढंच हवं होतं: गुरुवारच्या आधी, स्वतः रचलेला एक पाळणा नीट रेकॉर्ड व्हावा. नातवंडासाठी.

"फोनवर करू की," मी म्हटलं.

"केला रे. माझा तानपुराच गायब!"

खरंच होतं. तानपुऱ्याचा एकसारखा सूर फोनला पंख्याची घरघर वाटते आणि तो बिचारा इमानदारीने पुसून टाकतो. शिवाय काकू हळू गायल्या की त्यांनाही पुसतो! मी सध्या एका इव्हेंटवाल्याकडे साउंडचं काम करतो, पण लग्नांच्या सीझनमध्ये त्याचं सगळं सामान उदयपूरला. उरलं मंडळ. मंडळाकडे माईक होता, कॉम्प्युटर होता. फक्त दोघांच्या मधली डबी हवी होती, यूएसबीची, आवाज आत घेणारी.

झालं. मंडळाने ताबडतोब एक ध्वनी समिती नेमली.

*

समितीत दोघं. अध्यक्ष देशमुखकाका, बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर. आणि खरेकाका, विमा कंपनीतून रिटायर, मंडळाच्या कपाटाच्या किल्ल्या यांच्या जानव्याला. मी समितीत नाही. मी कॉलेज थर्ड इयरला सोडलंय ना! मला फक्त काम करायचं होतं.

मी डबीचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. सांगितलं, "काका, हीच आणा. हिला ड्रायव्हर लागत नाही. लावली की चालू."

खरेकाका चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, त्यांच्या ओळखीच्या दुकानात गेले आणि दुसरीच घेऊन आले. खोक्यावर कंपनीचं नावसुद्धा धड छापलेलं नाही.

"काका, ही ती नाही."

"तीच आहे. दुकानदार म्हणाला, अंकलजी, अंदर माल एक ही है, डिब्बा अलग है."

"मग मी नाव कशाला लिहून दिलं होतं?"

"अरे, तो तिथे बत्तीस वर्षं बसतोय," काका म्हणाले. "तू कॉलेजात तीन वर्षं तरी नीट बसलास का?"

*

डबी आली की लावायची. असं तुम्हाला वाटतं. मंडळात नवी वस्तू आली की आधी पूजा. मागे मिक्सर ग्राइंडरचीही झाली होती.

टेबलावर डबी, समोर नारळ, अगरबत्ती. देशमुखकाकांनी चार शब्द बोलायचे म्हणून सुरुवात केली ती मंडळाच्या स्थापनेपासून. काकू बिचाऱ्या तानपुरा मांडीवर घेऊन बसलेल्या, इलेक्ट्रॉनिक, छोटा. मग खरेकाकांनी ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि लावलं. कुठे? डबीच्या पाठीवर अख्खी जागा रिकामी होती. ती सोडून, वायर जिथे जाते त्या भोकात!

मी टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन बसलो खरवडत. खरेकाका माझ्या डोक्यावर उभे.

"पूर्ण पुसू नकोस रे. थोडं राहू दे."

*

वायर लावली. कॉम्प्युटर म्हणाला, हे यंत्र मी ओळखत नाही. म्हणजे ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर म्हणजे त्या डबीची आणि कॉम्प्युटरची ओळख करून देणारा प्रोग्राम, बस. (या शब्दावर जो विनोद आत्ता तुमच्या मनात आला, तो देशमुखकाकांनी त्या आठवड्यात रोज केला. मला पुन्हा ऐकवू नका.)

कंपनीची वेबसाइट बघितली तर कंपनीच बंद. पण खोक्यात सीडी असणार. अशा स्वस्तातल्या मालात असते. खोक्यात गोल खळगा होता, सीडी नव्हती.

"काका, यातली सीडी?"

खरेकाका शांतपणे म्हणाले, "कामाला लावली."

त्यांच्या गॅलरीत कबुतरांचा उच्छाद. कुणीतरी सांगितलं, चमकतं काही टांगा, कबुतरं येत नाहीत. मी वैशालीनगरला त्यांच्या घरी गेलो. सीडी सुतळीला टांगलेली, जयपूरच्या धुळीने दोन दिवसांत पांढरी पडलेली, तारेवर घासून घासून रेघोट्या आलेली. आणि तिच्याशेजारी एक कबूतर बसून स्वतःकडे मान वाकडी करून बघत होतं!

"हल्ली सीडी कोण वापरतं, हे तूच म्हणाला होतास," खरेकाका म्हणाले. "मी ऐकतो तुमच्या पिढीचं."

*

समितीने ठरवलं, आता तज्ज्ञाला विचारायचं. तज्ज्ञ म्हणजे देशमुखकाकांचा पुतण्या, पुण्यात मोठ्या कंपनीत. व्हिडिओ कॉल लावला. तो गाडीत होता. मी त्याला डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत काय दिसतंय ते सांगायला लागलो. त्याने मला मधेच थांबवलं.

"रिस्टार्ट करून बघितलं का?"

समितीचे चेहरे उजळले. देशमुखकाकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी हे त्यांच्यापासून इतके दिवस लपवून ठेवलं होतं. रिस्टार्ट केलं. मग वायर काढून रिस्टार्ट केलं. मग नारळ बाजूला ठेवून रिस्टार्ट केलं. काही झालं नाही.

फोन ठेवताना देशमुखकाका समाधानाने म्हणाले, "काही म्हण, इंजिनिअर तो इंजिनिअर."

मी तोपर्यंत डबीच्या आतल्या चिपचा नंबर शोधून काढला होता. त्या चिपवाल्यांच्या साइटवर ड्रायव्हर मिळाला, उतरवूनही घेतला. कुणी मान वर करून बघितलं नाही.

*

उतरवला, पण टाकता येईना. मंडळाचा कॉम्प्युटर ॲडमिनचा पासवर्ड मागायला लागला. तो कुणाकडेच नाही. सगळं पुसून नव्याने भरलं तर मंडळाच्या इतक्या वर्षांच्या गणपतींचे फोटो गेले, कारण दुसरी प्रत कुणी काढलेलीच नाही.

एक सोपा मार्ग होता. माझा लॅपटॉप. तो बाबांनी कपाटात कुलूप घालून ठेवलाय, मी कॉलेज सोडलं त्या दिवसापासून.

मी गेलो त्यांच्यासमोर. सगळं सांगितलं. काकू, गाठ, गुरुवार, पाळणा. एका दिवसापुरता द्या.

बाबांनी पेपर खाली केला. "ॲडमिशन घे, किल्ली घे."

"बाबा, मंगळवार उलटून चाललाय. त्यांचा आवाज जाईल कदाचित!"

"मतलब तुझं आयुष्य गेलं तरी चालेल?" आणि पेपर वर.

सांगा आता. एका बाईचा गळा आणि माझी डिग्री, एकाच कुलपात!

*

आता कळीची गोष्ट. पासवर्ड होता, माणूसही जिवंत होता. कुलकर्णीकाका. मंडळाचे आधीचे सेक्रेटरी, कॉम्प्युटर त्यांनीच बसवलेला. आता सांगलीला असतात. त्यांना फोन का नाही केला? कारण देशमुखकाका त्यांच्याशी बोलत नाहीत.

का बोलत नाहीत? आमच्याकडे गणपतीच्या पहिल्या आरतीचं ताट सेक्रेटरीच्या बायकोच्या हातात देतात. पहिल्यापासूनची पद्धत. एका वर्षी देशमुखकाकांनी ते कुणा पाहुण्या साहेबांच्या मिसेसच्या हातात दिलं. मालतीकाकू, म्हणजे मिसेस कुलकर्णी, नवी पैठणी नेसून हात पुढे करून उभ्या. बस. कुलकर्णीकाकांनी राजीनामा दिला, पासवर्ड बदलला आणि बदली मागून घेतली. तेव्हापासून मंडळाच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी काही नवीन टाकलेलं नाही, आणि हे कुणाला कळलंही नाही!

बुधवारी सकाळी मी सरळ फोन लावला, समितीच्या समोर, स्पीकरवर.

"काका, पासवर्ड आठवतोय का?"

"आठवतो की," सांगलीहून आवाज आला. "प्रश्न आठवण्याचा नाहीये. देशमुखांनी माफी मागावी."

देशमुखकाका छताकडे बघत म्हणाले, "त्यांना सांग, प्रश्न तत्त्वाचा आहे."

"त्यांना सांग, माझाही तत्त्वाचाच आहे."

दोन म्हातारे, मधे मी, आणि कोपऱ्यात काकू. सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला देऊन आलेल्या, हाताला कापूस चिकटलेला. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचं होतं. माझ्या तोंडात जे आलं होतं ते इथे सांगता येणार नाही. मी बोलणार इतक्यात काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"भाऊजी, सुषमा बोलतेय. उद्या माझा गळा कापतायत. तुमचा मान त्याच्या आधी उरकायचा की नंतर?"



"वहिनी, सांगतो," कुलकर्णीकाका म्हणाले. "पण टाइप देशमुखच करणार."

देशमुखकाका बसले कीबोर्डसमोर. एका बोटाने टाइप करतात ते.

"लिहा. पहिला मान मालतीचा. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून."

देशमुखकाकांचं बोट हवेतच राहिलं. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. बोट खाली आलं.

"मालतीचा एम मोठा!" सांगलीहून.

खरेकाकांना राहवेना. "आणि शेवटी काही?"

"शेवटी उद्गारचिन्ह!"

*

ड्रायव्हर बसला. डबीवरचा हिरवा दिवा लागला, पडद्यावर आवाजाची रेघ हलायला लागली. मी सगळ्यांना ओठांवर बोट ठेवायला लावलं. पंखा बंद, खिडकी बंद. काकूंनी डोळे मिटले आणि गायल्या.

मी लग्नांमध्ये पुष्कळ गाणाऱ्यांचे आवाज साफ केलेत. यात साफ करण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या ओळीला त्या इतक्या हळू आल्या की मी श्वाससुद्धा धरून ठेवला. मग नुसता तानपुरा.

आणि टेबलावरून आवाज आला, "वा, वहिनी."

फोन कुणी बंदच केला नव्हता!

"हा अजून फोनवर आहे?" देशमुखकाका ओरडले.

"मग? फोन तुझ्या बापाचा आहे?"

"अरे, ताट मी देणारच होतो मालतीवहिनींना! त्या बाई पुढे येऊन उभ्या राहिल्या!"

"राहिल्या की तू उभ्या केल्यास? साहेबाची मर्जी!"

"मर्जी? मी? आणि ऑडिटच्या वेळी कोण गेलं होतं मिठाई घेऊन?"

काय जोरात जुंपली! इतक्या वर्षांचं साचलेलं, अरे-तुरेवर येऊन, खाली तानपुरा चालूच. काकू आधी कपाळाला हात लावून बसल्या, मग खुदकन हसल्या. तेही आलंय रेकॉर्डिंगमध्ये.

भांडणाचा भाग मी कापला नाही. दोन क्लिकचं काम होतं. मुद्दाम ठेवला. मोठं झाल्यावर काकूंच्या नातवंडाला कळू दे, आपल्या आजीच्या गाण्याच्या आड कोण कोण आलं होतं ते.

ऑपरेशन नीट झालं. काकूंचा आवाज परत आला, बोलण्यापुरता. वरचा सा लागत नाही. लागत नाही म्हटल्यावर त्या सुरुवातच करत नाहीत.

ऋचाला मुलगी झाली. परवा तिचा नाशिकहून फोन आला.

"नचिकेत, रोज लावते तुझं रेकॉर्डिंग. आईच्या पाळण्याला ही डोळे टक्क उघडे ठेवून ऐकते रे, मुळीच झोपत नाही."

"मग?"

"मग ते दोघं भांडायला लागले की गाढ झोपते." ती जरा घुटमळली. "ते भांडण अजून पुढचं आहे का रे तुझ्याकडे?"