रविवारची कोल्ड कॉफी

लग्न मोडलं तेव्हा माझी मुलगी अकरा वर्षांची होती. ती आईबरोबर वसई गावात आजोळी राहायला गेली आणि मी गोखिवऱ्याला एका खोलीचं भाड्याचं घर घेतलं. रविवारी दुपारी तिला भेटायचं, असं ठरलं होतं. स्टेशनजवळ तेव्हा नवीनच एक कॉफी शॉप निघालं होतं. तिथली कोल्ड कॉफी तिला फार आवडायची. उंच ग्लास, वर जाड फेस, आतून चॉकलेटच्या रेघा.

मी स्वतःसाठी काही मागवत नसे.

"बाबा, तुला नको?"

"आत्ताच चहा झालाय गं."

ग्लास रिकामा झाला की वेटर येऊन तो उचलायचा आणि विचारायचा, "और कुछ?" मग आम्ही उठायचो. उरलेलं बोलणं रिक्षा स्टँडवर उभ्याने व्हायचं.

घरभाडं आणि तिची फी भागवून दर रविवारी हे झेपेना. शेवटी मी एक जुना मिक्सर मिळवला आणि कामावरून आलो की कोल्ड कॉफी करून बघू लागलो. कधी कडू व्हायची, कधी पाणचट. चुकलेली टाकवत नसे, म्हणून गॅलरीत उभा राहून एकटाच प्यायचो. समोरच्या गाळ्यांतली मशिनं तोवर थांबलेली असायची. साखर बरोबर आहे का, एवढं विचारायलाही घरात कुणी नव्हतं.

जमतेय असं वाटलं तेव्हा तिच्या आईला फोन करून विचारलं, रविवारी मुलीला माझ्या घरी आणू का. ती म्हणाली, "घेऊन जा. सहाच्या आत सोड."

मुलगी आली, आणि मी मिक्सरचं बटण दाबलं तर लाईट गेलेली. लोडशेडिंग. माझा चेहरा पाहून तिने आपली पाण्याची बाटली रिकामी केली. दूध, कॉफी, साखर, बर्फ, सगळं तिने त्यात कोंबलं.

"हलव. दमलास की मला दे."

आम्ही आळीपाळीने हलवत राहिलो. तिच्या हातात असताना झाकण उडालं आणि थोडी कॉफी भिंतीवर, थोडी माझ्या शर्टावर. ती पोट धरून हसली. एका घरात राहत होतो तेव्हाचं तिचं ते हसू मी विसरूनच गेलो होतो.

उरलेली दोन स्टीलच्या पेल्यांत ओतली.

"तिथल्यासारखी नाहीये," ती म्हणाली. "पण चालेल."

त्या दिवशी पेला उचलायला कुणी आलं नाही. ती मैत्रिणींचं, शाळेचं सांगत राहिली आणि मग तिने पेला खाली ठेवला.

"बाबा, आईची बदली झालीय. जूनमध्ये आम्ही नाशिकला जाणार."

"बरं झालं. तिथली हवा चांगली आहे," मी म्हणालो.

"तू येशील?"

"येईन ना."

गेलोही. सुरुवातीला महिन्यातून एकदा. पण तिथेही आम्ही हॉटेलातच भेटायचो, परतीच्या गाडीवर लक्ष ठेवून. मग तिची दहावी आली, क्लासेस आले, आणि रविवारचा फोन तेवढा राहिला. रविवारची दुपार काही केल्या सरेना, म्हणून मी कारखान्यात ओव्हरटाईम मागितला.

"रविवारी?" सुपरवायझर म्हणाले. "घरी कुणी वाट बघत नाही का?"

"सध्या नाही," मी म्हणालो, आणि त्यांनी माझं नाव लावलं.